पुलाआधीचं वळण

आमची बस पुलावर कधी अडकली नाही, याचा मला फार अभिमान होता.

मी एसटीचा कंडक्टर आहे. राळेगावहून सुटणारी सकाळची पहिली बस नदी ओलांडून शेजारच्या जिल्ह्यात जाते, तिच्यावर माझी बरीच वर्षं गेली. नदीच्या अलीकडे, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, दारू दुकानात मिळते. पलीकडे दारूबंदी आहे. त्यामुळे पूल उतरला की पोलिसांचा नाका, रस्त्यावर आडवा बांबू, आणि अलीकडून येणाऱ्या गाड्यांची झडती. दुसऱ्या बसेस तिथे अर्धा-अर्धा तास उभ्या राहायच्या. आमची बस हवालदाराच्या हातातला चहा संपायच्या आत सुटायची. नोकरीला जाणारे, कचेरीत तारखेला जाणारे, दवाखान्यात जाणारे सगळे मुद्दाम माझीच बस धरत. "कंडक्टर असावा तं असा," असं माझ्यासमोर म्हटलेलं मी कितीदा तरी ऐकलं आहे आणि दरवेळी खाली बघून हसलो आहे.

ही किमया कशी होत होती ते आता सांगतो. सांगायला जड जातं, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पुलाच्या आधी एक वळण आहे. दोन्ही बाजूंनी पळसाची झाडं. ते वळण आलं की मी उभा राहायचो, दाराजवळच्या दांडीवर नाणं वाजवायचो आणि ओरडायचो, "तांड्यावाले, पिशव्या घेऊन दारापाशी या."

आमच्या रस्त्यावर दोन तांडे लागतात. त्या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता ते आमच्यासारखंच वावर कसतात, आमच्यासारखंच कापूस वेचायला बाया मिळत नाहीत म्हणून कुरकुरतात. पण दारू म्हटलं की तांडा, हे आमच्या गावात कुणी कुणाला शिकवत नाही. ते आपोआप येतं. मला कुणी साहेबानं हुकूम दिला नव्हता. नाक्यावरच्या पोलिसांनीही सुरुवातीला तसं काही सांगितलं नव्हतं. ते आधी बसमध्ये चढून चार सीटा इकडच्या, चार तिकडच्या अशा बघायचे. मीच एकदा म्हणालो, "साहेब, कायले साऱ्याईले तरास देता? मी आणून देतो न दारापाशी." पोलीस खूश झाले, बस खूश झाली. ज्यांना मी दारापाशी आणून उभं करत होतो, ते खूश आहेत का, असं मी कुणाला विचारलं नाही.

त्यात एक अडचण होती. नाक्यावर बाई पोलीस क्वचितच असायची, आणि बाईच्या अंगाला पुरुष पोलीस हात लावू शकत नाही. त्यावरही मीच तोड काढली. एका अंगणवाडीच्या बाई रोज या बसनं जायच्या. चांगल्या घरच्या, सगळ्यांना मान असलेल्या. मी त्यांना म्हणायचो, "बाई, जरा हात लावून पाहून घ्या ना." त्या पदर खोचून उठायच्या, तांड्यातल्या बायांच्या कमरेवरून, पोटावरून हात फिरवायच्या आणि "काही नाही" म्हणून परत जागेवर बसायच्या. की मी डबल बेल द्यायचो. एक बेल थांबायची, दोन निघायची. त्या दोन बेल मी फार ऐटीत द्यायचो.

आणि ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर, आठवड्यातून एकदा तरी, माझे भाऊजी बसलेले असायचे. म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. पंधरा एकराचे शेतकरी, पांढरे कपडे, दोन पायांच्या मध्ये एक जाड कापडी पिशवी. पलीकडच्या कोर्टात त्यांची जमिनीची केस चालू होती. जावई माणूस बसमध्ये आहे म्हटल्यावर मी ती सीट रुमाल टाकून धरून ठेवायचो. पिशवीत काय आहे, हे जावयाला विचारायची आमच्याकडे रीत नाही. पुढे केलेल्या ताटात जावयानं काय टाकलं, तेसुद्धा आम्ही बघत नाही.

माझा मुलगा पुण्यात मोटारसायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवतो. मागच्या वर्षी दिवाळीच्या बरंच आधी त्याचा फोन आला. आवाज असा होता की आधी मला वाटलं अपघात झाला.

"काय झालं रे?"

"काही नाही. थांबवलं होतं चौकात."

"हेल्मेट नव्हतं काय?"

"सारं होतं, बाबा. नाकाबंदी होती. खिसे उलटे करायला लावले, पार्सल उघडायला लावलं. मंग म्हणे मोबाईल उघड, फोटो दाखव. गाव इचारलं. यवतमाळ म्हटलं तं म्हणे, मंग इकडं कायले आला?"

"त्याईचं कामच हाय ते. साऱ्याईलेच थांबवत असतीन."

 तो म्हणाला, "साऱ्याईले नाई थांबवत, बाबा. मी उभा राहून पाहत होतो न. मले पाहून थांबवते. गेल्या शनिवारी बी थांबवलं होतं. माह्यासारख्याईले पाहून बरोबर हात करते."

मी त्याला म्हणालो, वाद घालू नको, जे मागतात ते दाखवून मोकळा हो, पार्सल गार होईल. फोन ठेवला आणि जेवायला बसलो.  दुसऱ्या दिवशी ते वळण आलं, माझा हात नाणं घेऊन दांडीवर गेला, आणि वाजवलंच मी. सवय मोठी वाईट. मुलाचा आवाज कानात असताना मी ओरडत होतो, तांड्यावाले, दारापाशी या. आणखी कित्येक दिवस ओरडत राहिलो. हे मी लपवणार नाही.

आता त्या दिवसाबद्दल सांगतो. तो आठवला की अजूनही माझी छाती भरून येते आणि कान गरम होतात, दोन्ही एकदम.

पहिल्या तांड्यावरची एक मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. पावसाळा संपल्यापासून आम्ही तिला रोज पहाटे रस्त्याच्या कडेनं धावताना बघत होतो. आमच्या ड्रायव्हरला तिचं भारी कौतुक. ती दिसली की तो बस तिच्या बरोबरीला आणायचा, वेग कमी करायचा, खिडकीतून ओरडायचा, "चाल बाप्पा, लाव शर्यत." ती मान न वळवता वेग वाढवायची. तो जरा वेळ तिच्या सोबत बस चालवायचा आणि मग हॉर्न देऊन पुढे काढायचा. बसमधले पेंगणारे लोक खिडकीशी येऊन बघायचे. "आज जितली असती पोट्टी, तुमीच गाडी दामटली," असं कुणीतरी ड्रायव्हरला म्हणायचं.

त्या दिवशी ती रस्त्यावर धावत नव्हती. थांब्यावर उभी होती, आईसोबत. पाठीवर निळी बॅग, पायात नवे बूट. आई दारापर्यंत आली आणि मला म्हणाली, "भाऊ, हिची आज मैदानी परीक्षा हाय. नऊच्या आत गेटात पायजे. नीट उतरवून द्याजा."

"कालच कायले नाई गेली?"

"तिथं पोरी रात्री रस्त्यावर झोपते म्हणे. मी नाई म्हटलं," आई म्हणाली.

मी अर्धं तिकीट दिलं. बायांना अर्धंच लागतं हल्ली. ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "आज तू गाडीत. मंग मी रस्त्यावर शर्यत कोणासंग लावू?" ती हसली आणि मधल्या सीटवर बसली. बॅग मांडीवर, दोन्ही हात बॅगेवर.

भाऊजी त्या दिवशी बसमध्ये होते. अंगणवाडीच्या बाईही होत्या. बस निम्म्याहून जास्त भरलेली.

वळण आलं. मी नाणं वाजवलं. "तांड्यावाले, पिशव्या घेऊन दारापाशी या."

एक म्हातारा उठला. दोन बाया उठल्या, मजुरीला जाणाऱ्या. तिघंही न बोलता दारापाशी येऊन उभे राहिले, जसे रोज राहायचे. ती मुलगी बसून राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मी जवळ जाऊन म्हणालो, "चाल बाई, लवकर होऊन जाईन. तुलेच घाई हाय."

"मी नाई येत, काका."

"काहून?"

"तिकीट पाह्याचं असन तं पाहा." तिनं तिकीट काढून हातावर ठेवलं. "याच्यावर कुठी लिवलं हाय का, तांड्यावाले म्हणून?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मला राग आला. एवढ्या लोकांसमोर, रोजच्या माझ्या बसमध्ये. पण राग बाहेर निघायच्या आत पूल संपला आणि बस बांबूपुढे उभी राहिली.

नाक्यावर दोघं होते. एक निवृत्तीला टेकलेला हवालदार, आणि एक तरुण शिपाई. हवालदारानं दारात उभ्या तिघांच्या पिशव्या बाहेरूनच चाचपल्या. मग मला विचारलं, "बस? इतकेच?"

आणि मी, हो, मीच, मान वळवून तिच्याकडे बघितलं. तोंडानं काही बोललो नाही. हवालदाराला तेवढं पुरलं. तो वर चढला.

"उतर बाई खाली. बॅग दाखव."

ती उभी राहिली. बॅग तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. आवाज मात्र सरळ होता. "दाखवतो साहेब. पण पहिल्या सीटपासून पाहा. माही पाळी आली का मी दाखवतो."

"तू मले शिकवतं का?"

"नाई साहेब. मी खुद पोलीस भरतीले चालली."

हवालदार हसला. "आधी हो तं खरी. मंग शिकवजो."

"मी झाली, न् तुमी मले इथं उभं केलं," ती म्हणाली, "तं मले काय सांगान? हिची पाहा, त्याईची नको पाहू? कोणाची पाहाची ते मले कसं कळन?"

 हवालदारानं टोपी काढून डोकं पुसलं. मग अंगणवाडीच्या बाईंकडे बघून नेहमीच्या सवयीनं म्हणाला, "बाई, तुमीच पाहून घ्या तिचं. बाई शिपाई दुपारी येणार हाय. तवरक मी हिले सोडू शकत नाई. गाडीले मी अडवत नाई. कंडक्टर, हिले उतरवा न् गाडी काढा."

म्हणजे आता असं होतं. ती उतरून दुपारपर्यंत थांबली तर गेट बंद. ती झुकली तर वेळेवर पोचेल. आणि तिला उतरवून डबल बेल द्यायची, एवढंच माझं काम. बेलची दोरी माझ्या हाताजवळ लोंबत होती. आजवर हे सगळं मी कसं सोपं केलं होतं, ते मला त्या दोरीकडे बघताना एकदम कळलं.

बसमध्ये कालवा सुरू झाला होता.

"एका पोट्टीपायी साऱ्याईचा खोळंबा."

"तिनं कुठं केला खोळंबा? तिच्याजवळ तिकीट हाय."

"दाखवून दे न माय, काय जाते तुह्यं?"

"तुह्यं काय जाते मंग? तू दाखव."

दारातल्या म्हाताऱ्यानं तिला त्यांच्या बोलीत काहीतरी समजावलं. ती मान हलवत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हात बॅगेवरून हलले नव्हते. मनगटावरच्या घड्याळाकडे ती वारंवार बघत होती.

अंगणवाडीच्या बाई उठल्या. मला वाटलं, सुटलो. त्या नेहमीसारखा पदर खोचतील आणि दोन मिनिटांत काम होईल. त्या हवालदारासमोर जाऊन उभ्या राहिल्या, आपली पर्स उघडली आणि सीटवर उपडी केली. अंगणवाडीच्या किल्ल्या, गोळ्यांची पाकिटं, एक कंगवा, अर्धा बिस्किटपुडा.

"मी इतके दिवस दुसऱ्याईले हात लावला," त्या म्हणाल्या. "मले आजपोतर कोणी नाई लावला. पाहा माही. मंग पुढचं बोला."

मला त्या क्षणी काय झालं ते नीट सांगता येत नाही. मी माझी तिकिटांची पेटी उचलली आणि हवालदाराच्या पायाशी ठेवली. झाकण उघडलं. "साहेब, माह्यापासून सुरू करा." गळ्यातली पैशांची बॅग काढली, ती ठेवली. तिकीट मशीन ठेवलं. डबा ठेवला आणि उघडला. भाकर, झुणका आणि मिरचीचा ठेचा. "हे बी पाहा."

"भाऊ, तुमी कायले..." हवालदार म्हणाला.

"अन् मी?" ड्रायव्हर पुढून ओरडला. त्यानं इंजिन बंद केलं.  ड्रायव्हरनं सीटखालून चादर काढली, झटकली, त्यातून एक उशी आणि कुंकवाच्या पुड्या असलेली माहूरगडची प्रसादाची पिशवी निघाली. "साहेब, फेट्यात काही असन तं फेटा बी सोडतो. मंग तुमीच बांधून द्या, माह्या बायकोलेच येते ते."

आणि मग सुटलं. काय सुटलं ते मी सांगू शकत नाही, पण बसभर सुटलं. लोक आपापल्या पिशव्या उघडायला लागले. एकानं बायकोची बदलून आणायची साडी काढून दाखवली आणि "घडी मोडू नका, दुकानदार घेत नाई" म्हणाला. एका आजीनं रुमालात गुंडाळलेली कवळी पुढे केली. मागच्या सीटखालच्या थैलीतून एक कोंबडा निघाला आणि आवाज करून सीटवर चढला. शिपाई त्याच्यामागे धावला. बाया हसत होत्या. ज्यांनी मघाशी खोळंब्याबद्दल तोंड वाजवलं होतं तेही "माही कवा पाहाल?" म्हणून रांगेत घुसायला लागले. दारातल्या तांड्याच्या म्हाताऱ्याला कुणीतरी हात धरून परत सीटवर बसवलं. "बसा बाबा, तुमचं झालं."

हवालदार घामाघूम झाला. "पंच कोण राहीन मंग?" तो म्हणाला. "काही सापडलं तं पंचनाम्याले पंच लागते. सारेच झडतीत असन तं पंच कुठून आणू?"

रस्त्याच्या कडेला एक शेळ्या राखणारा उभा राहून तमाशा बघत होता. शिपायानं त्याला हाक मारली. तो लगेच वर चढला, दोन शेळ्याही पायरीपर्यंत चढल्या. "मले सही येत नाई," तो म्हणाला. "आंगठा चालन काय?"

हशा झाला. ती मुलगीही हसली, आणि लगेच घड्याळाकडे बघून तिचं हसू गेलं. तिची पाळी यायला दोन सीटा राहिल्या होत्या. आणि पहिली सीट अजून तशीच होती.

भाऊजी हलले नव्हते. पिशवी दोन पायांच्या मध्ये. चेहऱ्यावर जावयाचा तो जुना, थोडा रुसलेला, थोडा वरचा भाव. हवालदार त्यांच्यापाशी जाऊन नुसताच थांबला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "राहू द्या न. जवाई हायेत तुमचे."

मला पळवाट मिळाली होती. भाऊजींनी ती लगेच ओळखली. मोठ्यानं म्हणाले, "साळ्याच्या गाडीत जवायाची झडती? लय शिकले आता लोक."

 सगळे माझ्याकडे बघत होते. मला माझी बहीण दिसली, तिचं घर, तिच्या ओसरीवर आमच्या आईचा फोटो. मी एक गोष्ट बोललो तर त्या ओसरीवर मला पुन्हा चहा मिळेल की नाही, हे मला चांगलं माहीत होतं. दुसऱ्या बाजूला ती मुलगी वाकून बुटाची नाडी पुन्हा बांधत होती. जी आधीच बांधलेली होती. ती वर बघत नव्हती. बहुतेक मी त्यांना सोडणार असं तिनं धरलंच होतं, आणि तिला ते बघायचं नव्हतं.

"भाऊजी," मी म्हणालो, "पिशवी दाखवा."

"काय म्हणतं?"

"पहिल्या सीटपासून ठरलं हाय. दाखवा."

ते उठले. पिशवी उचलली आणि पिशवीतून आवाज झाला. काचेवर काच लागल्याचा. बारीक, पण सगळ्या बसला ऐकू गेला. "मी मागच्या गाडीनं येतो," असं म्हणत ते उतरायला निघाले. पायरीवर शेळ्या होत्या. त्या हलेनात. शिपायानं पिशवीला हात घातला.

वर कोर्टाची फाईल होती. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले देशीचे पव्वे, एकाला एक चिकटून, अंड्यांसारखे नीट रचलेले.

 मला वाटलं होतं लोक हसतील. कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. इतकी वर्षं तांड्याच्या लोकांना मी दारापाशी उभं केलं, आणि त्यांच्या आडून ही पिशवी माझ्याच रुमालानं धरलेल्या सीटवर बसून आरामात पूल ओलांडत होती. पोलिसांनी आधीसारख्या इकडच्या चार, तिकडच्या चार सीटा बघितल्या असत्या तर कधीतरी सापडली असती. माझ्यामुळे ती सापडणंच शक्य नव्हतं.

भाऊजींना खाली उतरवलं. उतरताना ते मला एवढंच म्हणाले, "बहिणीले सांगशीन तूच."

"सांगीन," मी म्हणालो.

हवालदाराला त्याची केस मिळाली होती, पंचही मिळाला होता. तो घाईघाईनं हात हलवून म्हणाला, "चला, काढा गाडी." मुलगी उभी राहिली. "साहेब, माही राह्यली."

"जाय न बाई," हवालदार म्हणाला. "धावाले जाय. मले आता लय लिवाचं काम पडलं."

मी दोरी ओढली. दोनदा. आयुष्यात इतक्या जोरात बेल दिली नसेल.

ड्रायव्हरनं त्या दिवशी गाडी कशी चालवली ते मी लिहीत नाही. त्याची अजून नोकरी आहे. एवढं सांगतो की सगळी बस समोरच्या काचेकडे झुकून उभी होती, आणि पुढे बैलगाडी आली की तीस माणसं एकदम "हॉर्न मारा, हॉर्न मारा" म्हणत होती. मधल्या गावांत उतरणाऱ्यांनी सांगितलं, "आमाले येताना उतरवा. आता थांबू नका." साडी बदलून आणायला निघालेला माणूस तर दुकानाच्या दारावरून पुढे गेला. आजी कवळी लावायची विसरली होती आणि तशीच सगळ्यांना गप्प करत होती, "पोट्टीले दम घेऊ द्या." मुलगी सीटच्या मधल्या जागेत उभी राहून पायांचे व्यायाम करत होती. मी दार धरून होतो.

मैदान स्टँडच्या अलीकडे लागतं. तिथे थांबा नाही. ड्रायव्हरनं बस गेटासमोर नेऊन लावली. गेट अर्धं लागलेलं होतं, एक पोलीस दुसरं दार ढकलत होता. मी एक बेल द्यायच्या आत ती खाली होती. बॅग पाठीवर उडत होती. सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर. ती त्या फटीतून आत गेली, आणि दार तिच्यामागे लागलं.

ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. "रोज मी गाडी दामटून जितत होतो," तो म्हणाला. "आज साली खरी शर्यत झाली."

संध्याकाळच्या परतीच्या बसला ती स्टँडवर होती. कोपर खरचटलेलं, ओठ वाळलेले. "गटात दुसरी आली," म्हणाली. "गोळा जरा कमी गेला." मी तिकीट दिलं. तिनं ते घेतलं, आणि बॅग काढून माझ्या पेटीवर ठेवली. चेन उघडली.

"काका, माही राह्यली होती."

"नाई पाहाची मले, बाई. नको."

"पाहा. नाई पाहाल तं तुमच्या मनात राहीन. न् माह्या बी."

मी बघितलं. हॉलतिकीट प्लॅस्टिकमध्ये, जुने बूट, गूळ-शेंगदाण्याची पुडी, लिंबू, एक ओला टॉवेल, आणि आईच्या लुगड्याचा एक तुकडा, दुखलं तर बांधायला. मी सगळं बघितलं आणि चेन लावून दिली. तिनं पुडीतले शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले. ते मी ड्रायव्हरला नेऊन दिले. 

त्या रात्री बहिणीला मी फोन केला आणि सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "दिवाळीले येऊ नको." मी म्हणालो, "बरं." मुलालाही फोन केला. त्याला सगळी हकीगत सांगितली, मी काय ओरडायचो त्यासह. तो म्हणाला, "तुमी बी, बाबा?" मी हो म्हणालो. त्याचं पार्सल गार होत होतं, तरी तो बराच वेळ फोनवर होता.

आमची बस आता पुलावरून रोज उशिरा सुटते. वळण आलं की मी म्हणतो, "पिशव्या हाताशी घ्या. पहिल्या सीटपासून." आणि पेटीचं झाकण उघडून दारापाशी ठेवतो. हवालदाराला ते आवडत नाही. कधी तो चार सीटा बघतो, कधी कंटाळून सोडून देतो. नोकरीवाले दुसऱ्या बसकडे वळले. "कंडक्टर होता तं असा होता," असं परवा एकजण मला ऐकवून गेला. अंगणवाडीच्या बाई मात्र आमच्याच बसनं येतात.

भरतीची यादी अजून लागलेली नाही. पहाटे ती रस्त्याच्या कडेनं धावताना दिसते. ड्रायव्हर बस तिच्या बरोबरीला आणतो आणि खिडकीतून विचारतो, "लागली काय गं?" ती मान हलवते, नाही. आणि वेग वाढवते. तो आता हॉर्न देऊन पुढे काढत नाही. बस तिच्या मागे-मागे चालवतो, पुढच्या फाट्यापर्यंत, आणि बसमधलं कुणीही उशीर होतो आहे असं म्हणत नाही.